तेप्पान्याकी: आग बघायला गेलो, भात खाऊन आलो

आमच्या जवळच्या तेप्पान्याकी रेस्टॉरंटला (म्हणजे शेफ आपल्या समोरच तव्यावर शिजवून वाढतो ते जपानी प्रकरण) आता दोनदा जाऊन झालंय आणि दोन्ही वेळचा अनुभव इतका वेगळा होता की एकच रेटिंग कसं द्यायचं हेच कळेना, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांना फक्त जावं की नाही एवढंच हवंय त्यांनी इथेच थांबा: जा, पण शनिवारी रात्री नको आणि पोटात कावळे ओरडत असताना तर अजिबात नको.

पहिल्यांदा गेलो ते शनिवारी, भाच्याच्या वाढदिवसाला. साहेब दहा वर्षांचे झाले आणि त्यांना मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तो कांद्याचा ज्वालामुखी (कांद्याच्या चकत्या रचून पेटवतात तो) प्रत्यक्षात बघायचा होता, दुसरं काही नको. मी, नवरा, सासूबाई, नणंद आणि तिची दोन मुलं असे आम्ही सहा जण. टेबल आधी बुक केलेलं होतं तरी चाळीस मिनिटं बाहेर बसवलं, कारण विचारलं तर म्हणे टेबल आठ जणांचं आहे, अजून दोघं आले की बसवतो. अरे, मग बुकिंग कशाला घेता! शेवटी एक जोडपं आलं, बहुतेक पहिल्यांदाच एकमेकांना भेटत असावेत, बिचारे छान तयार होऊन आलेले आणि त्यांना आमच्या वाढदिवसाच्या गोंगाटात कोंबलं. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

घरी येऊन नवऱ्याने सांगितलं की हे थांबवणं म्हणजे यांचा गलथानपणा नाही, धंदाच तसा बसवलेला असतो. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉकी आओकी नावाच्या जपानी कुस्तीपटूने बेनिहाना नावाचं असंच रेस्टॉरंट काढलं, त्याआधी हा गडी हार्लेममध्ये गाडीवर आइस्क्रीम विकायचा, आणि त्याचं पहिलं रेस्टॉरंट फक्त चार टेबलांचं होतं. स्वयंपाक गिऱ्हाइकासमोरच होणार म्हटल्यावर मागचं किचन छोटं केलं तरी चालतं, उरलेल्या जागेत टेबलं मांडता येतात, आणि एक शेफ एका दमात आठ जणांना वाढतो म्हणून टेबल पूर्ण भरेपर्यंत लोकांना बारपाशी बसवून ठेवायचं, म्हणजे तेवढ्यात ड्रिंक्सही खपतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये यावर केस स्टडी शिकवतात म्हणे. शिकवू देत, पण दोन लहान मुलं आणि गुडघे धरलेल्या सासूबाईंना घेऊन चाळीस मिनिटं स्टुलावर बसलं की केस स्टडीचं कौतुक वाटत नाही.

असो. आत बसलो. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, तेप्पान म्हणजे लोखंडी पत्रा आणि याकी म्हणजे भाजलेलं. मोठं टेबल, मध्ये जाडजूड गुळगुळीत तवा, तीन बाजूंना आपण आणि चौथ्या बाजूला शेफ, डोक्यावर धूर ओढणारी मोठी चिमणी. बरेच जण याला हिबाची म्हणतात, अमेरिकेत तर सर्रास, पण हिबाची म्हणजे खरं तर कोळशाची शेगडी, जिच्यावर जपानी लोक हात शेकायचे, तिचा आणि या तव्याचा तसा काही संबंध नाही.

तवा आणि आपली प्लेट यांच्यामध्ये हातभर पण अंतर नसतं. धाकटी भाची चार वर्षांची, बसल्या बसल्या तिने हात पुढे केला, नणंदेने झडप घालून मागे ओढला म्हणून वाचलो. लहान मूल दिसल्यावर निदान एक शब्द तरी बोलायला हवा होता त्या स्टाफने, कोणी हूं की चूं केलं नाही. मुलांना घेऊन जाणार असाल तर त्यांना दोन मोठ्यांच्या मध्ये आणि खुर्ची जरा मागे सरकवून बसवा.

मग आला आमचा शेफ. उंच टोपी, कमरेला सुऱ्यांचा पट्टा, पंचविशीतला पोरगा आणि एनर्जी अशी की विचारू नका. मिरपूडची बाटली हवेत गरगर फिरवून पाठीमागे झेलली, उलथन्याच्या धारेवर अंडं लोळवलं, वर उडवलं आणि टोपीत झेललं, मग नणंदेच्या अंगावर केचपची बाटली दाबली तर ती किंचाळली आणि बाटलीतून निघाला लाल दोरा. मुलं हसून हसून लोळायची बाकी होती. कांद्याच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये तेल आणि दारू ओतली, काडी लावली आणि भक्कन जाळ वर गेला, चेहऱ्यावर धग आली, भाच्याचं तोंड जे उघडलं ते मिनिटभर मिटलंच नाही. त्या एका मिनिटासाठी मी त्या पोराला शंभर गुन्हे माफ करायला तयार होते. नंतर झुकिनीचे तुकडे एकेकाच्या तोंडात उडवायला लागला, नवऱ्याचा नेम चुकला आणि तो गरम तुकडा चष्म्यावर आपटून कॉलरमध्ये गेला. ते जोडपंसुद्धा पहिल्यांदा मोकळं हसलं, म्हणजे आमचा काहीतरी उपयोग झाला.

पण. आता जेवणाबद्दल.

मी त्याच्या हाताकडे बघत होते, कारण मला स्वयंपाकात रस आहे आणि टोपीत अंडं मला पण टाकता येईल सहा महिने सराव केला तर. त्याने टेबलावरच्या सगळ्यांची कोळंबी एकदम ओतली, थंडगार, ओलसर, डब्यातून थेट तव्यावर, आणि तिचा ढीग तसाच ठेवून ज्वालामुखी करायला वळला. अशा वेळी काय होतं तर तव्याची तेवढी जागा थंड पडते, कोळंबीला पाणी सुटतं आणि ती भाजायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडते. ती ब्राऊन खमंग पापुद्र्याची चव यायला वरचं पाणी उडून गेलेलं असावं लागतं आणि उष्णता १४० अंशांच्या वर जावी लागते, पाणी आहे तोवर गाडी शंभराच्या पुढे सरकतच नाही. दोन मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं असावं, मग त्याने सगळा ढीग मधल्या एकदम कडक भागावर ढकलला आणि परत लोकांशी गप्पा. कोळंबी बघायची सोपी खूण असते, अर्धगोल वळली की झाली, पूर्ण वेटोळं झालं की गेली. आमच्या प्लेटमध्ये सगळी वेटोळी. चावतोय चावतोय, रबर. चिकन बरं होतं, भाज्या खारट, कारण सोया सॉसची बाटली पण तो हवेत फिरवूनच ओतत होता आणि हवेत फिरणाऱ्या बाटलीला माप कुठलं.

भात मात्र त्याने शेवटी हृदयाच्या आकारात थापला आणि खालून उलथनं हलवून ते हृदय धडधडवलं. दिसायला गोड. खायला गिचका.

आणि सासूबाई. त्या शुद्ध शाकाहारी. बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं, टेबलवर परत सांगितलं, दोन्ही वेळा हो हो झालं. मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं) आलं, वेटर म्हणाला व्हेज आहे आंटी, त्यांनी चार चमचे घेतले. मला शंका होती म्हणून मी परत जाऊन आत विचारलं की याचं स्टॉक कशाचं आहे, तर आतून उत्तर आलं दाशी. दाशी साधारणपणे कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची आणि वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाची करतात, त्यात मासा असतोच जोवर कोणी मुद्दाम फक्त कोंबूची किंवा शिताके मशरूमची करत नाही तोवर. वेटरला वाटलं तुकडे दिसत नाहीत म्हणजे व्हेज. मी परत येऊन सासूबाईंच्या समोरचा वाडगा गुपचूप उचलला, त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, पाणी प्यायल्या. नंतर त्यांचं टोफू त्याच जागेवर पडलं जिथे मिनिटापूर्वी कोळंबी होती, तेच उलथनं, तोच तेलाचा ओघळ. त्यांनी पूर्ण संध्याकाळ सॅलड खाल्लं. घरी जाताना गाडीत एकच वाक्य बोलल्या, आग बघून पोट भरत नाही गं.

म्हणजे पहिल्या भेटीचे पाचपैकी दोन. ते दोन पण ज्वालामुखीचे.

दुसऱ्यांदा जायचं खरं म्हणजे काही कारण नव्हतं, पण मी फोन करून तक्रार केली होती, शांतपणे, आरडाओरडा न करता, आणि मॅनेजर बाईंनी ऐकून घेतलं, कारणं सांगितली नाहीत, मला हे आवडलं. म्हणाल्या की मंगळवारी किंवा बुधवारी या, सातच्या आत या, आणि आईंचं मी स्वतः बघते. नवरा म्हणाला जाऊया, मी म्हटलं सासूबाई येणार नाहीत, तर त्याच म्हणाल्या की बघू तरी काय करतात.

मंगळवारी रेस्टॉरंट अर्धं रिकामं. बसवलं लगेच. समोर वेगळेच शेफ, साठीच्या आसपासचे, बारीक, टोपी छोटी, कमरेला पट्टा बिट्टा काही नाही. वाकून नमस्कार केला आणि कामाला लागले. मला वाटलं आता खेळ सुरू होईल, तर पहिली दहा मिनिटं त्यांनी फक्त तवा पुसला. खरंच. गरम तव्यावर पाणी ओतून, चपट्या पात्याने खरडून, फडक्याने पुसून, परत पाणी. मग बोटं ओली करून चार थेंब शिंपडले, मधले थेंब गोळ्या होऊन तव्यावर पळत सुटले, आटत नाहीत की चिकटत नाहीत, आणि काठाकडचे थेंब चर्र करून जागच्या जागी संपले. नवरा इंजिनिअर असल्यामुळे त्याला राहवणार नव्हतंच, त्याने सांगितलं की याला लायडेनफ्रॉस्ट इफेक्ट म्हणतात, १७५६ मध्ये या नावाच्या जर्मन डॉक्टरने लिहून ठेवलंय, तवा साधारण दोनशे अंशांच्या आसपास किंवा वर गेला की थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो. म्हणजे शेफनी थर्मामीटर न लावता कुठे किती आच आहे ते बघून घेतलं. तवा एकच असला तरी सगळीकडे सारखा तापत नाही, मध्ये कडक, काठाला कोमट, आणि सगळी कला हीच की कुठली वस्तू कधी कुठे सरकवायची.

पहिलं काम काय केलं तर सासूबाईंचं टोफू. आमचं काही तव्यावर पडायच्या आधी. वेगळं उलथनं, ज्याला मुठीपाशी हिरवी पट्टी चिकटवली होती, आणि डाव्या हाताचा कोपरा त्यांच्यासाठी शेवटपर्यंत वेगळा ठेवला. टोफूच्या वड्या कागदी फडक्यावर दाबून कोरड्या केल्या, थोडं तेल, ठेवल्या आणि हात मागे घेतला. हलवलंच नाही. मी इतके दिवस घरी टोफू चिकटतं म्हणून सारखी उलथन्याने ढोसत बसायचे, तर ते नेमकं न ढोसण्यात होतं, खालची बाजू खरपूस झाली की वडी आपोआप सुटते. त्यांनी पातं खाली घातलं ते असं अलगद गेलं जणू तिथे काही चिकटलेलं नव्हतंच, आणि उलटल्यावर सोनेरी. त्यावर चमचाभर सोया सॉस, तोही टोफूवर नाही तर शेजारी मोकळ्या तव्यावर, तिथे तो फसफसून थोडा करपला, तो वास आला, आणि मग टोफू त्याच्यात फिरवलं. सासूबाईंनी पहिला तुकडा खाल्ला आणि काही बोलल्या नाहीत, पण हे न बोलणं वेगळं होतं.

सूप पण कोंबूचं वेगळं आणलं होतं, मॅनेजर बाई स्वतः घेऊन आल्या.

आमची कोळंबी त्यांनी दोघांचीच असूनही दोन भागात केली. पुसून कोरडी, एकमेकींना न चिकटवता, एक बाजू, दुसरी बाजू, मग काठाकडे सरकवून थोडं पाणी आणि वर स्टीलचं झाकण, वीस-तीस सेकंद. काढली तेव्हा सगळी अर्धगोल. दाताखाली कट्‌ असा आवाज आला आणि मग गोड. नवरा म्हणाला ही त्याच दुकानातली कोळंबी आहे का, मी म्हटलं दुकान तेच, हात वेगळा. सोबत पोन्झू, म्हणजे लिंबूवर्गीय रसाचा आंबटसर सोया, आणि एक तिळाचा दाट सॉस, दोन्ही छोट्या वाट्यांत, ज्याला जितकं हवं तितकं. मोड आलेली कडधान्यं शेवटी, उरलेल्या रसात, जेमतेम अर्धा मिनिट, कुरकुरीतच ठेवली.

आणि भात. यासाठीच मी एवढं लिहायला बसलेय खरं तर. जेवण सुरू व्हायच्या आधीच त्यांनी लसणाचे कागदासारखे पातळ काप काठाच्या मंद आचेवर तेलात टाकून ठेवले होते, ते हळूहळू सोनेरी होत होते, मला वाटलं विसरले की काय, तर बरोबर कडू व्हायच्या आधी उचलून बाजूला ठेवले आणि ते लसणीचं तेल राखून ठेवलं. त्यातलं थोडं सासूबाईंच्या कोपऱ्यात. शेवटी त्या तेलात शिळा थंड भात. शिळाच लागतो, ताजा भात ओला असतो, थापला जातो, रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की दाणा कोरडा आणि टणक होतो आणि सुटा परततो, पहिल्या दिवशीचा तो गिचका बहुतेक यामुळेच झाला असणार. दोन पात्यांनी भात कापल्यासारखा करत, दाबून पसरत, परत गोळा करत पाच-सहा मिनिटं नुसता परतला. तो टक-टक-टक आवाज पण असा एका लयीत. सोया सॉस परत तव्यावरच. वरून मघाचे लसणाचे काप चुरून. सगळ्यात शेवटी भात पातळ पसरून थोडा वेळ सोडून दिला म्हणजे खालून पापुद्रा धरला, तो खरवडून कुरकुरीत तुकड्यांसकट वाढला. वाडगीभर भात, त्यात ना काही रंगीत ना काही हृदय, आणि मी तीन वेळा मागितला. तिसऱ्यांदा मागताना लाज वाटली, पण ती गिळली.

एकदाच काय तो खेळ त्यांनी केला. मी विचारलं की तुम्ही ते अंडं टोपीत टाकत नाही का, तर हसले, एक अंडं उचललं, उलथन्याच्या धारेवर धरलं, वर उडवलं आणि खाली येताना त्याच धारेवर झेललं, तिथेच ते फुटून पिवळं आणि पांढरं वेगळं झाल्यासारखं तव्यावर पडलं. टोपीला हात नाही. म्हणाले, मला जमतं सगळं, वीस वर्षं केलंय, पण सात-आठ जण हसत असतील तर आचेकडे लक्ष राहत नाही.

तेप्पान्याकी हे नाव घेऊन जी रेस्टॉरंट चालतात त्यातलं सगळ्यात आधीचं म्हणून कोबे शहरातल्या मिसोनोचं नाव सांगतात, १९४५ सालचं. जपानमध्ये आजही चांगल्या हॉटेलांमध्ये तेप्पान्याकी म्हणजे शांत बसून, समोरच्या माणसाचा हात बघत खायची गोष्ट असते, ज्वालामुखी वगैरे प्रकार अमेरिकेत फोफावला. मी खेळाच्या विरोधात नाही हां, दहा वर्षांच्या पोराला शांत आजोबांसमोर बसवलं असतं तर त्याने मला आयुष्यभर माफ केलं नसतं. फक्त शनिवारी तुम्ही पैसे शोचे देताय आणि मंगळवारी जेवणाचे, बिल मात्र दोन्ही दिवशी सारखंच येतं, हे माहीत असू दे.

अजून काही बारीकसारीक. कपड्यांना वास राहतो, चिमणी कितीही ओढत असली तरी, नवऱ्याचा स्वेटर दोन दिवस बाल्कनीत होता, त्यामुळे नवीन ड्रेस वगैरे घालून जाऊ नका. बसायला शेफच्या बरोबर समोरची जागा मागा, बाजूला बसलं की अर्धा वेळ त्यांचा दंडच दिसतो. कोणाला सोया, तीळ किंवा कवचवाल्या माशांची ॲलर्जी असेल तर फोनवर सांगून भागत नाही, तव्यासमोर बसल्यावर शेफला स्वतः सांगा, वेटरवर सोडू नका. साध्या सोया सॉसमध्ये गहू पण असतो हे मला त्या दिवशी बाजूच्या टेबलवरच्या बाईंमुळे कळलं. डेझर्टची यादी आहे पण घेऊ नका, दोन्ही वेळा आइस्क्रीम अर्धं वितळलेलं आलं, तव्यासमोर आणून ठेवल्यावर दुसरं काय होणार म्हणा. एसीचा झोत थेट मानेवर येतो, पुढून भट्टी मागून फ्रीज असा प्रकार आहे, सासूबाईंसाठी शाल नेली होती ते बरं झालं. पार्किंगबद्दल मी बोलत नाही, बोलले तर हा रिव्ह्यू संपणार नाही.

शनिवारला दोन स्टार, मंगळवारला पाच, ॲव्हरेज काढायचं असेल तर तुम्ही काढा. पुढच्या महिन्यात सासूबाईंचा वाढदिवस आहे, कुठे जायचं विचारलं तर म्हणाल्या तिथेच, आणि वार बघून बुकिंग कर, मला तो भातवाला हवाय.